चित्र आणि ध्वनी यांचा मेळ
डिजिटल पाठफिती तयार करताना घ्यावयाची दक्षता

उच्चार शिकताना मूल शिक्षकाचा आवाज केवळ ऐकत नाही, ते त्याच्या तोंडाकडे पाहतही असते. ‘प’, ‘ब’, ‘म’ हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ मिटतात, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही; ते पाहून शिकते. ज्या बालकांच्या घरी गोंडी, कोरकू अथवा भिली बोलली जाते, किंवा ज्यांना ऐकू कमी येते, त्यांना हा डोळ्यांचा आधार अधिकच लागतो. हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनाल्ड या संशोधकांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोधप्रद आहे. ‘गा’ म्हणणाऱ्या व्यक्तीच्या चित्रावर ‘बा’ हा ध्वनी जोडला असता बहुसंख्य प्रौढांना ‘डा’ ऐकू आले. कानाने जे ऐकले जाते त्यात डोळ्यांचाही वाटा असतो, असा याचा अर्थ.

२०२० साली शाळा बंद असताना अनेक शिक्षकांनी मोबाइलवर पाठ चित्रित केले व पुढेही हा उपक्रम चालू ठेवला. काही फितींत पाठ उत्तम असतो, परंतु ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतो. उच्चाराच्या पाठात असा दोष राहिला तर मुलाच्या मनात संभ्रम निर्माण होतो. हा दोष दोन प्रकारचा असून दोहोंचे उपाय भिन्न आहेत. प्रकार न ओळखता केलेला उपाय व्यर्थ जातो.

१. मेळ कसा राखला जातो

जुन्या बोलपटात ध्वनीची रेषा चित्रपट्टीच्याच कडेला छापलेली असे. १६ मि.मी.च्या पट्टीत ध्वनी आपल्या चित्राच्या २६ चौकटी पुढे असे, कारण प्रक्षेपकात चित्राचा झरोका व ध्वनी वाचणारा भाग यांत तेवढे अंतर असे. चित्र व ध्वनी एकाच पट्टीवर असल्याने त्यांची चाल वेगळी होणे शक्य नव्हते.

डिजिटल फितीत मात्र ही दोन्ही अंगे स्वतंत्र असतात. चित्राच्या चौकटी, म्हणजेच फ्रेम, एका रीतीने संक्षिप्त केल्या जातात व ध्वनी दुसऱ्या रीतीने. मग एमपीफोरसारख्या एका फाइलमध्ये ते शेजारी शेजारी बांधले जातात. त्यांना जोडणारा दुवा एकच : प्रत्येक भागावर लिहिलेली वेळेची नोंद. अमुक चौकट अमुक क्षणी दाखवावी, अमुक ध्वनी अमुक क्षणी ऐकवावा, अशी ती नोंद असते. ती चुकली अथवा एखाद्या प्रणालीने तिच्याकडे दुर्लक्ष केले, की मेळ बिघडतो.

२. किती अंतर चालते

नदीच्या पैलतीरावर धोबी कपडे आपटतो, तेव्हा आपटणे आधी दिसते व आवाज नंतर येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून १७० मीटरांवरील आवाज अर्ध्या सेकंदाने पोहोचतो. आवाज आधी व कृती नंतर, असे मात्र निसर्गात घडत नाही. यामुळे उशिरा आलेला ध्वनी मनुष्य काही अंशी सहन करतो, आधी आलेला त्याला लवकर खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की तो फरक जाणवू लागतो. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास एक चौकट ४० मिलिसेकंदांची होते. म्हणजे आधीच्या बाजूस जेमतेम एका चौकटीची सवलत आहे.

३. दोष ओळखण्याची रीत

काळ व वेगाच्या गणितातील दोन वाटसरू येथे आठवावेत. पहिल्या उदाहरणात दोघांची चाल सारखी, पण एक जण आधी निघाला. त्यांच्यातील अंतर शेवटपर्यंत तेवढेच राहते. दुसऱ्यात दोघे एकदमच निघाले, पण चाल भिन्न. अंतर पावलागणिक वाढत जाते. फितीचे दोष नेमके असेच असतात : एक स्थिर अंतराचा, दुसरा वाढत्या अंतराचा.

यासाठी फीत प्रारंभी, मध्यावर व शेवटी अशी तीन ठिकाणी तपासावी. तपासणीस ‘प’ किंवा ‘म’ असलेला शब्द निवडावा, कारण ओठ मिटून उघडण्याचा क्षण डोळ्यांना स्पष्ट दिसतो. तिन्ही ठिकाणी अंतर सारखे असेल तर दोष पहिल्या प्रकारचा; प्रारंभी नाही व शेवटी पुष्कळ, असे असेल तर दुसऱ्या प्रकारचा.

तत्पूर्वी एक खातरजमा अवश्य करावी. बिनतारी ब्लूटूथ ध्वनिवर्धकात आवाज एक-दोन दशांश सेकंद, कधी त्याहूनही अधिक, उशिरा पोहोचू शकतो. तो दोष फितीचा नव्हे. म्हणून तपासणी तारेने जोडलेल्या ध्वनिवर्धकावर करावी.

४. स्थिर अंतराचा दोष

आवाज वेगळ्या यंत्रावर मुद्रित करून चुकीच्या जागी जोडला, की हा दोष येतो. फीत कापतानाही तो येऊ शकतो. पुन्हा संक्षेप न करता चित्र कापावयाचे झाल्यास ते केवळ पूर्ण चित्राच्या चौकटीपासून, म्हणजे कीफ्रेमपासून सुरू करता येते. ध्वनी मात्र जवळजवळ कोठेही कापता येतो. दोहोंचा आरंभ त्यामुळे वेगळा पडतो.

उपाय सोपा आहे. संगणकावरील व्हीएलसी या विनामूल्य प्रणालीत फीत चालू असताना ‘के’ ही कळ दाबल्यास ध्वनी ५० मिलिसेकंद मागे जातो व ‘जे’ दाबल्यास तेवढाच पुढे येतो. मेळ बसेपर्यंत कळ किती वेळा दाबली ते मोजावे. ‘जे’ सहा वेळा दाबावी लागली, तर ध्वनी ३०० मिलिसेकंद उशिरा आहे. याने मूळ फाइल बदलत नाही, फक्त माप मिळते. त्या मापाने संपादन प्रणालीत ध्वनीची पट्टी सरकवून फीत पुन्हा तयार करावी.

५. वाढत्या अंतराचा दोष

येथे पट्टी सरकवून भागत नाही. प्रारंभ सुधारला तर शेवट बिघडतो. मोबाइलवरील फितीत याचे नेहमीचे कारण चौकटींची अस्थिर गती हे होय. वर्गात प्रकाश कमी झाला की काही मोबाइल सेकंदाला ३० ऐवजी कमी चौकटी टिपतात. वेळेच्या नोंदी बरोबर असतात; परंतु काही संपादन प्रणाली त्या न पाहता सर्व चौकटी समान अंतरावर आहेत असे धरून चालतात.

दुसरे कारण गतीचा आकडा चुकणे. २९.९७ गतीची फीत ३० ची समजली गेली तर काय होते ते पाहावे. दहा मिनिटांत १७,९८२ चौकटी होतात. ३० च्या गतीने त्या ५९९.४ सेकंदांत संपतात. ध्वनी मात्र ६०० सेकंदांचाच राहतो. दहा मिनिटांच्या पाठात ०.६ सेकंदाचा आणि तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

तिसरे कारण ध्वनीच्या नमुन्यांचे. सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी घेतलेला ध्वनी ४४,१०० च्या गतीने वाजविला गेला तर दहा मिनिटांचा ध्वनी सुमारे ६५३ सेकंद चालतो व आवाजही जाड होतो. आवाज जाड अथवा बारीक झालेला आढळल्यास प्रथम हाच आकडा पाहावा.

या दोषात मूळ फितीकडे परत जाणे श्रेयस्कर. हँडब्रेक या विनामूल्य प्रणालीत चौकटींची गती स्थिर ठेवण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यास वेळेच्या नोंदींनुसार आवश्यक तेथे चौकट पुन्हा घातली अथवा वगळली जाते. हे काम संपादनापूर्वी करावे, नंतर नव्हे.

६. चित्रणाच्या वेळी पाळावयाचे नियम

(१) पाठाच्या प्रारंभी व शेवटी कॅमेऱ्यासमोर एकदा स्पष्ट टाळी वाजवावी. दोन्ही टाळ्या जुळल्या तर मधला पाठ बहुधा जुळलेलाच असतो. टाळ्या नंतर कापून टाकाव्यात.

(२) वर्गात पुरेसा प्रकाश घ्यावा व चौकटींची गती आरंभापासून अखेरपर्यंत एकच ठेवावी.

(३) ध्वनी ४८,००० नमुन्यांवर मुद्रित करावा व शेवटपर्यंत तोच आकडा ठेवावा.

(४) पाठ दहा मिनिटांहून मोठा नसावा. लहान फितीत वाढते अंतर मोठे होण्यास अवसर मिळत नाही.

(५) मूळ फीत तयार पाठ तपासून होईपर्यंत पुसू नये.

(६) तयार फीत मुलांना दाखविण्यापूर्वी तिचा शेवटचा एक मिनिट अवश्य पाहावा. प्रारंभ सर्वच पाहतात. दोष बहुधा शेवटी लपलेला असतो.

फळ्यावरील अक्षर वळणदार असावे म्हणून शिक्षक जी काळजी घेतो, तीच येथे घ्यावयाची आहे. दूरच्या पाड्यावर एकच मोबाइल भोवती घेऊन बसलेल्या मुलांपुढे शंका विचारण्यास शिक्षक नसतो. त्यांना ‘म’ ऐकू येईल त्याच क्षणी ओठ मिटलेले दिसावेत, एवढे पाहणे पाठ तयार करणाऱ्याचे कर्तव्य आहे.