सूत्राला रंग दिसतो का?

पानभर आकड्यांतून एखादा वेगळा आकडा हुडकून काढायचा झाला, तर आपण काय करतो? लाल पेन्सिल घेऊन त्याभोवती गोल काढतो. संगणकावरील स्प्रेडशीटमध्येही पुष्कळजण हेच करतात. वेगळा वाटलेला आकडा हाताने लाल रंगवतात आणि मग विचारतात, "आता लाल आकडे किती, हे संगणकच मोजून देईल ना?" संगणक मात्र मुकाट राहतो. असे का होते, ते एका ओळखीच्या प्रयोगावरून समजून घेऊ.

१ मीटर लांबीचा साधा लंबक घ्या. त्याच्या २० आंदोलनांना लागणारा वेळ आठ वेळा मोजा. समजा, सेकंदांत पुढील वाचने मिळाली: ४०.२, ४०.०, ३८.१, ४०.३, ३९.९, ४०.१, ४०.२, ४०.०. ती 'बी' स्तंभात दुसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत भरा. प्रत्येक घराला, म्हणजे सेलला, नाव असते. पहिले वाचन बी२ मध्ये आले, शेवटचे बी९ मध्ये.

स्प्रेडशीटच्या सेलमध्ये दोन निरनिराळ्या गोष्टी साठवलेल्या असतात. एक म्हणजे किंमत, उदाहरणार्थ ३८.१. दुसरी म्हणजे सजावट: अक्षराचा आकार, ठळकपणा, पार्श्वभूमीचा रंग. बेरीज, सरासरी, मोजणी करणारी नेहमीची सूत्रे फक्त किंमत वाचतात. तुम्ही ३८.१ ला लाल रंग दिलात, तरी त्यांच्या लेखी तो ३८.१ च राहतो. शिवाय नुसता रंग बदलल्याने किंमत बदलत नाही, म्हणून संगणक पुन्हा गणितही करीत नाही. रंग वाचणारे छोटे प्रोग्राम लिहिता येतात. पण हाताने रंग बदलला की त्यांचे उत्तर तसेच शिळे राहू शकते.

मग उपाय काय? रंग कशामुळे दिला, ते कारणच संगणकाला सांगायचे! यालाच कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अटीनुसार सजावट, म्हणतात. व्हिजिकॅल्क ही वैयक्तिक संगणकावरची पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली आणली. अटीनुसार रंग देण्याची सोय एक्सेलमध्ये १९९७ च्या आवृत्तीत आली. तेव्हा एका सेलला तीनच अटी लावता येत. २००७ च्या आवृत्तीत ही मर्यादा गेली. आज लिबरऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स यांतही ही सोय आहे.

आपली अट अशी ठेवू: जे वाचन मध्यकापासून ०.५ सेकंदाहून अधिक दूर असेल, ते वेगळे. सरासरी न घेता मध्यक का घेतला? सरासरीला तो वेगळा आकडाच आपल्याकडे ओढतो. येथे सरासरी ३९.८५ येते, तर मध्यक ४०.०५. ०.५ ही मर्यादा ई१ या सेलमध्ये लिहा आणि सी२ मध्ये हे सूत्र द्या (कळफलकावर ते रोमन अक्षरांत व आकड्यांत टंकावे लागेल):

=एबीएस(बी२-मीडियन($बी$२:$बी$९))>$ई$१

एबीएस म्हणजे चिन्ह सोडून नुसता फरक. डॉलरचे चिन्ह हे जणू खिळा आहे. सूत्र खाली सी९ पर्यंत उतरवले की बी२ चे बी३, बी४ होत जाते. पण खिळा ठोकलेले भाग जागचे हलत नाहीत. तो विसरलात, तर प्रत्येक ओळीत मध्यक निराळ्याच आकड्यांचा निघेल. आता 'सी' स्तंभात प्रत्येक वाचनापुढे ट्रू किंवा फॉल्स असे उत्तर दिसेल.

यानंतर ए२ पासून सी९ पर्यंतचा भाग निवडा, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये नवा नियम घ्या, सूत्र म्हणून =$सी२ लिहा आणि लाल रंग निवडा. येथे खिळा फक्त स्तंभाला आहे, म्हणून ट्रू असलेली पूर्ण ओळ लाल होते. आणि लाल ओळी मोजायच्या, तर रंगाकडे पाहायलाच नको. =काउंटइफ(सी२:सी९,ट्रू) हे सूत्र उत्तर देते: १. रंगही 'सी' स्तंभावरून येतो आणि मोजणीही. दोहोंत तफावत पडूच शकत नाही. वाचन बदला, दोन्ही आपोआप बदलतील.

या स्तंभाचा आणखी एक फायदा आहे. काळ्या-पांढऱ्या छापील प्रतीत रंग हरवतो, आणि लाल-हिरव्यातला भेद काहीजणांना जन्मतःच कळत नाही. अणुसिद्धांत मांडणाऱ्या जॉन डाल्टन यांनी आपल्यातील हा दोष १७९४ साली वर्णन केला होता. ट्रू हा शब्द मात्र सर्वांना वाचता येतो.

आता महत्त्वाचा प्रश्न. ३८.१ लाल झाला. तो खोडून टाकायचा का? थांबा! ३८.१ ला १९ ने भागा. उत्तर २.००५ येते. उरलेल्या सात वाचनांची सरासरी ४०.१, तिला २० ने भागले तरी २.००५ च! म्हणजे वेळ मोजण्यात दोष नसावा. एक आंदोलन कमी मोजले गेले असावे. घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणण्याऐवजी 'एक' म्हटले की नेमके असेच होते. आठही वाचने धरली, तर गुरुत्वत्वरण ९.९४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. सात धरली, तर ९.८२. तरीही वहीतला आकडा पुसू नका. त्यापुढे शेरा लिहा आणि वाचन पुन्हा घ्या. लाल रंग हा निकाल नव्हे, तो प्रश्न आहे.

शेवटी एक गोष्ट करून पाहा. ई१ मधील मर्यादा ०.२ करा. आता ४०.३ सुद्धा लाल होईल. पण घड्याळाची कळ दाबताना हाताला दोन-तीन दशांश सेकंदांचा उशीर सहज होतो, तेव्हा त्या वाचनात वावगे काही नाही. मर्यादा किती ठेवायची, हे संगणक सांगू शकत नाही. ते प्रयोग करणाऱ्यालाच ठरवावे लागते. आणि वाचने पाहण्यापूर्वीच ती ठरवलेली बरी. नाहीतर हवे ते उत्तर येईपर्यंत मर्यादा सरकवत बसण्याचा मोह कोणाला आवरणार?