झेंडे बदलले, वॉर्ड तेच

नवी मुंबईत पक्षांतर ही बातमी होते खरी, पण धक्का कुणालाच बसत नाही. १९९५ पासूनच्या निवडणुका ओळीने लावून पाहिल्या तर कारण कळते. इथला जुना नगरसेवक पक्षाच्या जिवावर निवडून येत नव्हता. पक्षच त्याच्या जिवावर निवडून येत होता.

महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ ला सुरू झाला आणि पहिली निवडणूक १९९५ ला झाली. त्या वर्षी राज्यात युतीचे सरकार आले, गणेश नाईक मंत्री झाले आणि तेविशीतले त्यांचे चिरंजीव संजीव नाईक शहराचे पहिले महापौर. झेंडा शिवसेनेचा होता. चार वर्षांत नाईकांनी शिवसेना सोडली आणि शरद पवारांच्या नव्या राष्ट्रवादीत गेले. १९९९ च्या विधानसभेला बेलापुरात शिवसेनेच्या सीताराम भोईर यांच्याकडून ते हरले, पण महापालिका काही हातची गेली नाही. आमदारकीला पाडणारे मतदार नगरसेवक मात्र त्याच गोटातले निवडत राहिले. मला वाटते, या शहराच्या राजकारणाची सगळी मेख इथे आहे.

पुढे गणेश नाईकांचे दुसरे चिरंजीव संदीप नाईक स्थायी समितीचे सभापती झाले, २००९ ला ऐरोलीचे आमदार. संजीव नाईक त्याच वर्षी ठाण्याचे खासदार झाले, तेही शिवसेनेचे विजय चौगुले यांना हरवून. २०१० ला गणेश नाईकांचे पुतणे सागर नाईक महापौर झाले. घराणेशाही म्हणायचे तर म्हणा, शब्द चुकीचा नाही. पण फक्त घराण्याच्या नावावर वीस-पंचवीस वर्षे वॉर्ड टिकत नाहीत.

टिकतात ते कशावर? सिडकोने बांधलेल्या वसाहतीतला एखादा दुकानाचा गाळा डोळ्यांसमोर आणा. बाहेर 'जनसंपर्क कार्यालय' अशी पाटी, आत लेटरहेड आणि शिक्का घेऊन बसलेला कार्यकर्ता. कुणाला रहिवासी दाखल्यासाठी पत्र हवे, कुणाच्या सोसायटीसमोरचे गटार तुंबले आहे, कुणाला पाण्याचा दाब कमी येतो. गावठाणातला माणूस गरजेपोटी बांधलेल्या घरावर नोटीस आली म्हणून आलेला. जमीन सिडकोची, सेवा महापालिकेची, अशा दुहेरी कारभारात सामान्य माणसाला कुणाचे दार वाजवायचे तेच कळत नाही. ते दार दाखवणारा म्हणजे नगरसेवक. त्याच्या हातात कोणत्या पक्षाचा झेंडा आहे, हे गटार साफ झाल्यावर कोण विचारतो?

आरक्षणाची सोडत ही या मंडळींची खरी परीक्षा. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की फलकावरचा साहेबांचा फोटो लहान व्हायचा आणि वहिनींचा मोठा. राज्यात महिलांना निम्म्या जागा २०११ च्या दुरुस्तीने मिळाल्या, आणि २०१५ मध्ये १११ जणांच्या सभागृहात निम्म्याहून जास्त जागा त्यांच्या झाल्या. काही वहिनी नावापुरत्या राहिल्या. काहींनी मात्र कारभार असा हातात घेतला, की पुढे वॉर्ड खुला झाला तरी साहेबांना परत मिळाला नाही.

२०१५ चा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रवादी ५२, शिवसेना ३८, काँग्रेस १०, भाजप ६. आदल्याच वर्षी मोदी लाटेत गणेश नाईक मंदा म्हात्रेंकडून १,४९१ मतांनी पडले होते, तरी सहा महिन्यांत पालिकेत पहिला नंबर त्यांचाच. काँग्रेसच्या मदतीने सुधाकर सोनवणे महापौर झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये याच सभागृहाने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास आणला. शंभराहून अधिक नगरसेवक एका बाजूला, भाजपचे सहा दुसऱ्या बाजूला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे राष्ट्रवादी आणि शिवसेनेचे लोक त्या दिवशी खांद्याला खांदा लावून होते. शिस्तीचा आयुक्त सोसायटीतल्या मतदाराला आवडतो, पण वॉर्डात तडजोडीवर जगणाऱ्या नगरसेवकाला परवडत नाही. सरकारने ठराव लगेच मानला नाही. मुंढेंची बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये.

आणि मग सप्टेंबर २०१९. गणेश नाईक भाजपमध्ये गेले आणि राष्ट्रवादीच्या ५२ पैकी बहुतेक नगरसेवक त्यांच्या मागोमाग. सहा जागांचा भाजप एका कार्यक्रमात सत्ताधारी झाला. राष्ट्रवादीचे म्हणून निवडले गेलेले महापौर जयवंत सुतार कार्यकाळ संपताना भाजपचे होते. मुंढेंच्या बाजूने एकटे पडलेल्या त्या सहा जणांना काय वाटले असेल!

मे २०२० मध्ये मुदत संपली. निवडणूक करोनाने लांबली, मग ओबीसी आरक्षणाच्या वादात अडकली. साडेपाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचे राज्य. गाळ्यांवरच्या पाट्या राहिल्या, नावापुढे 'माजी' लागले. तरी लोक दाखल्याच्या पत्रासाठी त्याच दारात जात होते. या काळात घरातच झेंडे दोन झाले: २०२४ ला संदीप नाईक शरद पवार गटाकडून बेलापुरातून लढले आणि मंदा म्हात्रेंकडून ३७७ मतांनी हरले, वडील ऐरोलीतून भाजपचे आमदार होऊन मंत्री झाले. नंतर संदीप भाजपमध्ये परतले.

१५ जानेवारी २०२६ ला अखेर मतदान झाले. राज्यात एकत्र असलेले भाजप आणि शिंदे यांची शिवसेना इथे समोरासमोर होते. भाजपला स्पष्ट बहुमत मिळाले, शिवसेना दुसरी आली. पण या वेळी नवे होते ते बहुतेक ठिकाणचे चार सदस्यांचे प्रभाग. एका मतदाराची चार मते. एकट्याच्या ओळखीवर वॉर्ड राखायची जुनी रीत या पद्धतीत मोडते. पॅनेल पाहिजे, म्हणजे चिन्ह पाहिजे, म्हणजे पक्षाची पत वाढली. माझ्या मते हे वाईटच झाले. पूर्वी गटार तुंबले तर एकाला धरता येत होते, आता चौघे एकमेकांकडे बोट दाखवतील. तेव्हा आपल्या प्रभागातले चौघे कोण, हे आजच विचारून ठेवा, आणि पावसाळ्याआधी नाल्याचे काम चौघांपैकी कुणाच्या अंगावर आहे ते लेखी घ्या.