शेळ्या, गाळ आणि पट्टकादंब

पट्टकादंब ओळखायला सोपा. अंग राखाडी, डोकं पांढरं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. वजन दोन-तीन किलो. उन्हाळ्यात तो मंगोलियात आणि तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी पिल्लं वाढवतो. थंडीची चाहूल लागली की त्याचे थवे हिमालय ओलांडून भारतात उतरतात. चंदीगडचा सुखना तलाव हा त्यांच्या उताराच्या ठिकाणांपैकी एक. काही थवे आणखी दक्षिणेला सरकतात आणि आपल्या जायकवाडीला, उजनीलाही दिसतात.

एवढासा पक्षी हिमालय कसा ओलांडतो, हे कोडं शास्त्रज्ञांना फार वर्षं छळत होतं. मंगोलियात पकडलेल्या काही पट्टकादंबांच्या शरीरात छोटी यंत्रं बसवली गेली. हृदयाचे ठोके, पंखांची फडफड आणि हवेचा दाब यांची त्यात नोंद होत राहिली. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले आणि जुना समज पार उलटा झाला. हे हंस एकदाच उंच चढून वरच्या वर उडत राहत असतील, असं वाटायचं. प्रत्यक्षात ते डोंगराच्या अंगाअंगाने जातात. शिखर आलं की चढतात, दरी आली की कमावलेली सगळी उंची सोडून खाली येतात आणि पुढच्या शिखरापाशी पुन्हा चढतात. वरकरणी हा वेडेपणा. पण विरळ हवेत पंख मारायला एवढी ताकद लागते, की उंची टिकवण्यापेक्षा ती गमावून पुन्हा मिळवणंच स्वस्त पडतं. त्यांच्या उड्डाणाची नोंदलेली कमाल उंची ७,२९० मीटर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. सपाटीवरच्या माणसाला अशा उंचीवर दहा पावलं टाकणं जड जातं, आणि हा पक्षी तिथे पंख मारत असतो! त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये एक बारीकसा बदल झालेला आहे. त्यामुळे ते प्राणवायूला अधिक घट्ट धरून ठेवतं. उड्डाणाच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळंही दाट असतं. लाखो वर्षांत घडत आलेली ही तयारी आहे.

आणि असा पक्षी ज्या पाण्यावर उतरतो, ते पाणी एकेकाळी शेळ्यांमुळे संपायला आलं होतं.

सुखना हा निसर्गाने दिलेला तलाव नव्हे. चंदीगड वसवलं जात असताना १९५८ साली सुखना चो या ओढ्यावर बांध घालून तो तयार केला. शिवालिक डोंगरांतून उतरणाऱ्या, पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या ओढ्याला तिकडे चो म्हणतात. वास्तुकार ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची ही कल्पना. बांधावरून मोटारी धावू नयेत, लोकांनी इथे पायी फिरावं, असा कॉर्बुझिएचा आग्रह होता. तो आजही पाळला जातो. फक्त एका गोष्टीचा हिशेब चुकला, ती म्हणजे डोंगराची माती.

शिवालिक हे हिमालयाचं सर्वांत तरुण अंग. आपल्या सह्याद्रीसारखा काळा कातळ तिथे नाही. वाळू, चिकणमाती आणि गोल दगडगोटे यांचे सैलसर थर एकावर एक रचलेले. अशा उघड्या मातीवर पावसाचा टपोरा थेंब आपटला की ढेकूळ फुटतं, सुटलेले बारीक कण आजूबाजूची छिद्रं बुजवून टाकतात आणि जमिनीवर पापुद्रा धरतो. मग मागून येणारं पाणी मुरायला जागाच उरत नाही. ते घसरत जातं, आधी बोटभर रुंदीच्या रेषा पाडतं आणि काही पावसाळ्यांत त्याच रेषांच्या घळी होतात. सुखना तलाव दीड दशकात निम्म्याहून जास्त भरला, तो पाण्याने नव्हे, गाळाने.

तलावाला खोली का हवी, तेही पाहायला हवं. तलवार बदक आणि थापट्या उथळ पाण्यात चोच बुडवून खातात. लालसरी मात्र तळापर्यंत बुडी मारते. वारकरीला काठचं पाणवनस्पतींचं रान लागतं. उथळ आणि खोल दोन्ही पाणी असेल तरच इतके प्रकार एका ठिकाणी नांदतात. गाळाने तळ वर आला की आधी बुडी मारणारे पक्षी जातात. मग उन्हाळ्यात पाणीच आटतं.

हा गाळ येतो तरी कुठून? सत्तरच्या दशकाच्या मध्यावर चंदीगडच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्रातले पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत उलटे वर चढत गेले. माग जिथे पोहोचला त्या जागांपैकी एक होती सुखोमाजरी. आज हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात असलेलं, पशुपालकांचं हे लहानसं गाव. डोंगर वनखात्याचा, शेती कोरडवाहू. पाऊस गेला की पीक गेलं. अशा गावात शेळी हाच आधार, आणि ती डोंगरावर चरून त्याची माती उघडी पाडणार हे ठरलेलंच होतं. शेळ्या आवरा, चंदीगडचा तलाव भरतोय, असं सांगून कोण ऐकणार होतं? सुखनाच्या पाण्याचा एक थेंबही सुखोमाजरीला मिळत नव्हता.

मिश्रांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी तलावाची बाजू मांडत बसण्याऐवजी गावाचा प्रश्न हातात घेतला. १९७६पासून घळींवर मातीचे छोटे बंधारे घातले गेले, ओढ्याचं पाणी अडलं आणि ते शेतापर्यंत गेलं. बंधाऱ्यात गाळ साचला तर आपलंच पाणी जाणार, हे मग कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पाण्याची वाटणीही अशी ठरली की प्रत्येक घराला सारखा वाटा मिळावा, जमीन असो वा नसो. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला, म्हणून डोंगर राखण्यात त्याचाही जीव गुंतला. कुंपण, काटेरी तार, पहारेकरी काही नको. गावानेच चराई थांबवली. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारमुळे आपल्याला चराईबंदी ओळखीची आहे. सुखोमाजरीचा प्रयोग राळेगणच्या अगदी बरोबरीचा आणि हिवरेबाजारच्या कितीतरी आधीचा.

चराई थांबल्यावर डोंगरावर भाबर उगवलं. हे उंच चिवट गवत दोरखंडाला आणि कागदाला चालतं. त्याची मुळं माती बांधून ठेवतात आणि पाती पावसाचा मार स्वतःवर घेतात. गवत विकून गावाच्या संस्थेला पैसा मिळू लागला. शेळ्या घटल्या, गोठ्यात बांधून वाढवायच्या म्हशी वाढल्या. हेक्टरी जेमतेम १३ झाडं असलेल्या डोंगरावर १९९२पर्यंत हेक्टरी बाराशेच्या वर झाडं झाली. खाली सुखनाकडे जाणारा गाळ झपाट्याने कमी झाला.

पुढची हकीकत एवढी गोड नाही. काही बंधारे गाळाने भरले आणि गवताच्या उत्पन्नातला गावाचा वाटा आक्रसला. गावाची मिळकत तुटली की डोंगराची राखणही ढिली पडते, हे धोरण ठरवणाऱ्यांनी ओळखायला हवं होतं.

तलावाच्या लगतच्या पाणलोटात मात्र दुसरंच नवल घडलं. गाळ रोखण्यासाठी शासनाने साठच्या दशकापासून जमीन घेतली, झाडं लावली, छोटे बंधारे घातले. जंगल वाढलं तसे सांबर आले, बिबटे आले. १९९८ साली त्याच सुमारे २६ चौरस किलोमीटरच्या पट्ट्याला सुखना वन्यजीव अभयारण्य घोषित केलं गेलं. गाळाच्या धास्तीतून अभयारण्य जन्माला आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता संकटाचं रूप बदललं आहे. सुखना पावसावर जगतो, आणि पाऊस लहरी झाला आहे. गेल्या वीस वर्षांत तलाव कोरडा पडेल की काय, अशी भीती वाटावी असे उन्हाळे येऊन गेले. उलट जुलै २०२३मध्ये चंदीगडवर २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि तलावाचे दरवाजे उघडावे लागले. अशा पावसात उघडा डोंगर एका रात्रीत किती माती सोडतो, हे घळी पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचं भाबर गवत आज जास्त मोलाचं झालं आहे. २ मार्च २०२० रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुखनाला सजीव अस्तित्व मानून कायदेशीर हक्क बहाल केले आणि पाणलोटातली बांधकामं बेकायदा ठरवली. न्यायालयाचं लक्ष काठापेक्षा पाणलोटाकडे गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हिवाळ्यात दक्षिणेकडे येणाऱ्या पक्ष्यांचं दुसरं घर उत्तरेत, आणि तेही बदलतंय. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतो आहे. रशियाच्या उत्तर टोकाला तैमिर द्वीपकल्पावर वाढणाऱ्या नॉट या किनारपक्ष्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिथला बर्फ लवकर वितळतो, किडे लवकर येऊन जातात आणि पिल्लांच्या वाट्याला कमी अन्न येतं. पिल्लं लहान राहतात, त्यांच्या चोचीही आखूड राहतात. परिणाम दिसतो तो हजारो किलोमीटर दूर, आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर. तिथल्या वाळूत खोल पुरलेल्या शिंपल्यांपर्यंत ती चोच पोहोचत नाही आणि त्यातले अनेक पक्षी पहिल्याच वर्षी मरतात. तिबेटच्या पठारावर हिमनद्यांचं पाणी आणि वाढलेला पाऊस यांमुळे सरोवरं फुगताहेत; पट्टकादंबाची घरटी त्याच सरोवरांच्या काठांवर आणि बेटांवर असतात.

आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंतच्या या हवाई वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. ती ३० देशांवरून जाते, आणि त्यातला एक मुक्काम जरी मोडला तरी सगळी वाट मोडू शकते. सायबेरियन क्रौंच राजस्थानात भरतपूरला यायचे. २००१-०२च्या हिवाळ्यानंतर ते तिथे दिसलेले नाहीत. भरतपूरचं पाणी होतं, पण वाटेतली शिकार आणि वाळलेल्या पाणथळ जागा यांनी त्यांना पोहोचू दिलं नाही.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी तिचं काम पाहते, आणि हौशी माणसंही तिच्यात सामील होतात. नांदूर मध्यमेश्वरला, उजनीला किंवा गावातल्या पाझर तलावावर मोजलेले पक्षी आणि सुखनावर मोजलेले पक्षी एकाच मोठ्या नोंदवहीत जातात. यंदा पट्टकादंब कमी आले तर खोट मंगोलियात आहे, वाटेत आहे की आपल्याच तलावाच्या वरच्या डोंगरावर, हे शोधायची सुरुवात त्याच नोंदीपासून होते.