संगणकाचा चिमुकला मेंदू

करी रोड स्थानकाच्या तिकीट खिडकीवर तुम्ही कधीतरी उभे राहिला असाल. कर्मचारी दोन-चार कळा दाबतो आणि तिकीट बाहेर येते. हे काम संगणक करतो. संगणकात हिशेब करणारा जो भाग असतो, त्याला मायक्रोप्रोसेसर म्हणतात. तो संगणकाचा मेंदूच होय.

पूर्वी संगणकाला मोठी खोली लागे. आपल्या मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली भारतीय शास्त्रज्ञांनी टिफ्रॅक हा संगणक उभारला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओतही असे काचेचे व्हॉल्व्ह असत. पुढे त्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. १९७१ साली अमेरिकेतील इंटेल कंपनीने नखाहून लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर बसवले. एका जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी बनवलेल्या या मायक्रोप्रोसेसरचे नाव होते ४००४.

संगणकाला ० आणि १ या दोनच खुणा कळतात. अशा एका खुणेला बिट म्हणतात. ४००४ एका वेळी ४ बिट हाताळी. १९७४ चा ८०८० हा ८ बिट हाताळू लागला, तर १९७८ चा ८०८६ हा १६ बिट.

१९७९ मध्ये ८०८८ आला. तो आत १६ बिटांचे काम करी. पण बाहेरून माहिती घेताना एका वेळी ८ बिटच घेई. लोकलमधून प्रवासी भराभर उतरतात, पण अरुंद जिन्यापाशी गर्दी तुंबते. तसेच हे! तरीही १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ८०८८ च निवडला. कारण त्याला जोडायचे ८ बिटांचे सुटे भाग स्वस्त होते आणि सहज मिळत. तो संगणक जगभर खपला.

मग १९८२ मध्ये ८०२८६, १९८५ मध्ये ३२ बिटांचा ८०३८६ आणि १९९३ मध्ये पेंटियम आला. पेंटियममध्ये सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. तो घडवण्यात मोठा वाटा असलेले विनोद धाम यांचा जन्म आपल्या पुण्याचा.

या सर्वांत एक गोष्ट समान होती. प्रत्येक नव्या मेंदूला ८०८६ च्या जुन्या आज्ञा समजत. त्यामुळे नवा संगणक घेतला, तरी लोकांना आधीचे प्रोग्रॅम टाकून द्यावे लागले नाहीत. नव्या कामासाठी नव्या आज्ञांची भर पडत गेली, पण जुन्या पुसल्या गेल्या नाहीत.

मित्रांनो, तुम्ही विज्ञान उर्दूतून शिकता आणि हा पाठ मराठीतून वाचत आहात. मराठी आली म्हणून उर्दू विसरावी लागत नाही. जुने जपून नवे शिकले, तर आपली ताकद वाढते. ही गोष्ट त्या चिमुकल्या मेंदूलाही लागू पडते आणि तुमच्या-आमच्या मेंदूलाही!