दोष डाळीचा की थायरॉईडचा?

मे महिन्यात भिलाईचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांतही घरातील एखादी व्यक्ती पंखा बंद करावयास सांगू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून विषय मिटविला जातो. थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, वाढते वजन यांचाही कोणी हिशेब ठेवत नाही. मग एके रात्री पायाचा अंगठा सुजून लाल होतो, रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेले आढळते आणि ताटातील तुरीचे वरण सर्वप्रथम हद्दपार होते!

४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीजवळच्या कामात घाम खूप जातो. पाणी कमी पडले की त्यानेही युरिक अ‍ॅसिड वाढते. त्यामुळे या गावी कारण शोधताना उष्णता आणि आहार यांच्यापलीकडे सहसा दृष्टी जात नाही.

वस्तुतः युरिक अ‍ॅसिड मुख्यतः शरीरातील पेशींच्या नित्य झीज-भरीतून तयार होते. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. थायरॉईड ग्रंथी मंदावली की हृदयाचा जोर कमी होतो, मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह घटतो व गाळण्याचे काम रेंगाळते. खात्यात भरणा पूर्वीइतकाच, पण उचल थंडावली तर शिल्लक फुगणारच! क्रिएटिनिनही अशा वेळी थोडे वाढलेले दिसते आणि मूत्रपिंडाच्याच विकाराची शंका येते.

अर्थात, प्रत्येक वेळी थायरॉईडच कारणीभूत असतो असे नव्हे. स्थूलता, मद्यपान, मूत्रपिंडाचे विकार, रक्तदाबावरील काही गोळ्या ही कारणे अधिक आढळतात. तथापि वरील लक्षणे सोबत असतील, तर टीएसएच ही साधी रक्ततपासणी टाळू नये. दोष तेथे सापडल्यास थायरॉक्सिनच्या उपचाराने मूत्रपिंडांचे काम सुधारते आणि अनेकांचे युरिक अ‍ॅसिडही उतरते. सांधे वारंवार सुजत असतील, तर मात्र त्यावरील स्वतंत्र औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये.

बिचारी डाळ बहुधा निरपराधच असते. मटण, कलेजी आणि बिअर यांच्या तुलनेत तिचा वाटा नगण्य. शाकाहारी माणसाने ती सोडल्यास प्रथिनांचेच नुकसान होते.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर असावे. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासताना त्याच रक्तनमुन्यातून युरिक अ‍ॅसिड व क्रिएटिनिनही पाहता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.