कार्ल्याच्या लेण्यात सुताराचे नाव

सुट्टीचा दिवस आला की मुले हट्ट धरतात, कुठे तरी फिरायला न्या! बाग झाली, सिनेमा झाला. या वेळी आमच्या विहारातल्या महिला मंडळाने ठरवले, मुलांना कार्ल्याची लेणी दाखवायची. पाच-सहा कुटुंबे, लहानथोर मिळून बावीस माणसे. चपाती-भाजीचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि एक मोठी सतरंजी घेऊन आम्ही पुण्याहून सकाळच्या लोणावळा लोकलने निघालो आणि मळवलीला उतरलो.

आमच्यात एक आजी होत्या. उभे आयुष्य बांधकामावर घमेली वाहण्यात गेले. गुडघे दुखतात म्हणून सून नको म्हणत होती, पण आजींनी ऐकले नाही. कार्ल्याच्या साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या त्या बसत-उठत चढल्या.

वर गर्दी होती. चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे, त्यामुळे रविवारी दर्शनाची रांग मोठी असते. बरीच माणसे देवळातून परस्पर खाली उतरतात. दोन पावले पुढे गेले तर भारतातले सर्वांत मोठ्या चैत्यगृहांपैकी एक समोर उभे आहे, हे त्यांच्या गावीही नसते. त्यांना दोष कशाला द्यायचा? आपल्यापैकी तरी कितीजण तिथे जाऊन काय वाचतात?

आत शिरलो आणि मुलांचा कलकलाट आपोआप थांबला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एकाच कातळात कोरलेले हे दालन १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप आणि वर छताला लाकडी कमानी. दगडाच्या लेण्यात लाकूड आजवर टिकले आहे, हे पाहून आजी कितीतरी वेळ मान वर करून उभ्या होत्या. स्तूपासमोर आम्ही सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले.

आमच्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी तिथल्या शिलालेखांची वाचने पुस्तकातून वहीत उतरवून आणली होती. हे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, म्हणून आज ते वाचता येतात. बाई वाचू लागल्या आणि आम्ही थक्क झालो. लेणी राजांनी बांधली असेच आम्ही समजत होतो. इथे तर वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, त्यांनी एकेक खांब दान केला. व्हरांड्यातले हत्ती हे इंद्रदेव नावाच्या थेरांचे दान. दरवाजाजवळच्या लेखात सुताराचे नाव आहे! वेणुवासाचा मुलगा सामी, धेनुकाकटचा. हे दार त्याने केले. आणखी एका लेखात भायिला नावाच्या बाईचे दान नोंदले आहे. ती महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई.

आजींनी विचारले, "सुताराचं नाव खरंच लिहिलंय?"

"हो आजी, बापाच्या आणि गावाच्या नावासकट."

आजी म्हणाल्या, "मी एवढ्या इमारतींवर घमेली वाहिली, पण माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठंच नाही."

इतक्यात एक प्रकार घडला. आमच्यातलाच एक कॉलेजात जाणारा मुलगा विटेचा तुकडा घेऊन बाहेरच्या भिंतीवर काहीतरी लिहू लागला. 'जय भीम' लिहून झाले होते, खाली स्वतःचे नाव घालायचे बाकी होते. आजींनी त्याचा हात धरला.

"अरे पोरा, त्या सुतारानं आधी दार केलं, मग नाव कोरलं. तू काय केलंस?"

पोरगा वरमला. बाटलीतले पाणी आणि रुमाल घेऊन त्याने ती अक्षरे पुसली. पुसटसा डाग राहिलाच. बंधू-भगिनींनो, इतरांनी कोरलेली बदामाची चिन्हे आणि नावे पाहून आपण संतापतो. मग आपली माणसेही तेच करत असतील तर? संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्याने शिक्षा होते. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड इतकी वाढली आहे. पण कायद्याचा धाक कशाला हवा? हा वारसा आपला म्हणतो, तर तो जपणेही आपलेच काम!

दुपारी डबे खाऊन भाजे लेणी पाहिली. तिथे एकत्र कोरलेले चौदा स्तूप आहेत. काहींवर थेरांची नावे आहेत. मुलांनी ते दोन-दोनदा मोजले.

परतताना देहूरोडला उतरलो. तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. सकाळी दोन हजार वर्षांपूर्वीची उपासक मंडळी भेटली होती, संध्याकाळी बाबासाहेबांची पावले जिथे लागली तिथे वंदना झाली. एका दिवसात एवढे पाहता येते. जाताना लोकलचे वेळापत्रक पाहून निघा, लेखांची वाचने वहीत उतरवून न्या आणि आपला कचरा पिशवीत भरून परत आणा.

गाडीत आजींच्या नातीने वही उघडली. सामी सुतार, इंद्रदेव थेर, भायिला, अशी नावे तिने लिहिली. मग मान वर करून विचारले, "आजी, तुझ्या आईचं नाव काय होतं?"

घरात हे आजवर कोणीच विचारले नव्हते. आजींनी नाव सांगितले, गावही सांगितले. नातीने ते भायिलाच्या खाली नीट अक्षरांत लिहून घेतले.

नमो बुद्धाय! जय भीम!