सेनुआच्या डोक्यातले आवाज

पात्राच्या मनात वाचकाला कसे न्यायचे, हा कथात्म साहित्यापुढचा जुना प्रश्न आहे. पत्र, दैनंदिनी, स्वगत, प्रथमपुरुषी निवेदन, संज्ञाप्रवाह ही त्याची वेळोवेळी दिलेली उत्तरे. मर्ढेकरांच्या 1942 सालच्या ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीची चर्चा आपण वर्गात याच संदर्भात करतो. या सर्व उत्तरांना एक मर्यादा आहे. पात्राचे मन कितीही भरकटले तरी वाचक आपल्या जागी सुरक्षित असतो, आणि पात्राची समजूत खोटी आहे हे त्याला बहुधा पात्राच्या आधी कळते. ही मर्यादा ओलांडणारी एक कथा मला व्हिडिओ गेममध्ये भेटली. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने अविश्वसनीय निवेदकावरील टिपणात तिचा आधार घेतला होता. ते टिपण तपासायचे तर खेळ खेळणे भागच होते.

‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ हा खेळ इंग्लंडमधील केंब्रिजच्या निन्जा थिअरी या संस्थेने तयार केला आणि तो ऑगस्ट 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. दिग्दर्शन व लेखन तमीम अँटोनिएडिस यांचे आहे. मोठ्या खेळांवर शेकडो माणसे राबतात. येथे मुख्य चमू वीसेक जणांचा होता. सेनुआची भूमिका करणारी मेलिना युर्गेन्स ही मुळात त्याच संस्थेत चित्रफितींचे संकलन करीत असे. चाचणीपुरती उभी राहिलेली ही तरुणी पुढे त्याच भूमिकेसाठी बाफ्टा पुरस्काराची मानकरी ठरली. 2018 मध्ये या खेळाला एकूण पाच बाफ्टा मिळाले.

कथेचा काळ आठव्या शतकाच्या अखेरचा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर पिक्ट लोकांची वस्ती होती आणि समुद्रापलीकडून नॉर्स लुटारूंच्या नौका येऊ लागल्या होत्या. सेनुआ ही पिक्ट युवती लहानपणापासून नसलेले आवाज ऐकते, नसलेल्या गोष्टी पाहते. तिची आई गॅलेना हिलाही तेच होत असे. वडील झिनबेल याला शाप म्हणतात, मुलीला घरात कोंडतात. डिलियन नावाचा तरुण तिला माणूस म्हणून वागवतो आणि ती त्याच्या आधाराने घराबाहेर पडते. मग गावात साथ येते, दोष सेनुआवर येतो. आपल्यातील अंधारामुळेच हे घडले असे मानून ती स्वतःच रानात निघून जाते. परत येते तेव्हा गाव उद्ध्वस्त झालेले असते आणि नॉर्स लोकांनी डिलियनचा त्यांच्या देवांना बळी दिलेला असतो. त्याचे मस्तक कापडात गुंडाळून, कमरेला बांधून ती हेल्हाइमकडे, म्हणजे नॉर्स पुराणातील मृतांच्या लोकाकडे निघते. तेथील स्वामिनी हेला हिच्याकडून त्याचा आत्मा परत आणायचा, एवढाच तिचा हेतू. खेळ येथून सुरू होतो. मागची हकीकत आपल्याला तुकड्यातुकड्यांनी आणि उलटसुलट क्रमाने कळत जाते.

मृत्यूच्या दारातून प्रिय माणसाला परत आणण्याची ही कथा आपल्याला परकी नाही. सावित्री यमाच्या मागे चालत जाते आणि वाक्चातुर्याने पतीला सोडवून आणते. ग्रीक ऑर्फियस मागे वळून पाहतो आणि पत्नीला गमावतो, जी. ए. कुलकर्णी यांनी ‘पिंगळावेळ’ या 1977 च्या संग्रहात ही कथा आपल्या पद्धतीने पुन्हा मांडली. सेनुआची वाट या दोन्हींहून वेगळी आहे, कारण ती जेथे चालते ती भूमीच तिच्या मनाने उभी केलेली आहे. पिक्ट युवतीला नॉर्स नरक का दिसावा? रानात तिला ड्रुथ भेटला होता. नॉर्स लोकांच्या गुलामीतून निसटलेला हा आयरिश माणूस. त्यांच्या देवदैत्यांच्या कथा त्याने तिला सांगितल्या. तो वारला तरी त्याचा आवाज तिच्यासोबत राहिला. वाटेवरच्या कोरीव शिळांपाशी तो त्या कथा पुन्हा सांगतो. माणसाचा नरकही त्याने ऐकलेल्या गोष्टींतूनच घडतो, हे येथे कोणी बोलून दाखवत नाही. ते आपल्याला जोडून घ्यावे लागते.

आता या खेळाच्या खऱ्या बळाकडे येतो. ते ध्वनीत आहे. दोन्ही कानांना वेगवेगळा नाद पोचवणाऱ्या पद्धतीने आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत, म्हणून हेडफोन लावले की कोणी डाव्या कानाशी कुजबुजते, कोणी पाठीमागे हसते. हे आवाज सेनुआला हिणवतात, घाबरवतात, एकमेकांत भांडतात. पण लढाईत पाठीमागून शत्रू आला तर सावधही तेच करतात. पडद्यावर शक्ती दाखवणारी पट्टी नाही, सूचना नाहीत. त्यामुळे जे आवाज नकोसे वाटतात त्यांच्यावरच आपल्याला विसंबावे लागते. सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी असलेला धागा सुटून भास व भ्रम खरे वाटू लागणारी अवस्था, या खेळाच्या मुळाशी आहे. केंब्रिज विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर हे त्याचे सल्लागार होते, आणि ज्यांनी ही अवस्था स्वतः भोगली अशा माणसांशीही निर्मात्यांनी प्रदीर्घ चर्चा केली. आवाज मदतही करतात, ही गुंतागुंत बाहेरून पाहणाऱ्याला सहसा सुचत नाही.

दुसरी युक्ती दृष्टीची. वाटेतली दारे विशिष्ट अक्षरचिन्हांनी बंद असतात आणि ती चिन्हे आसपास शोधावी लागतात. ती कोठेही लिहिलेली नसतात. ठरावीक जागी उभे राहिल्यावर झाडाची फांदी, मोडकी तुळई आणि तिची सावली मिळून ते चिन्ह दिसते. थोड्या वेळाने आपल्याला सगळीकडेच चिन्हे दिसू लागतात. विखुरलेल्या वस्तूंत आपल्यासाठीच ठेवलेला अर्थ पाहणे हे या अवस्थेचे एक लक्षण आहे. खेळ ते सांगत बसत नाही, आपल्याकडून करवून घेतो.

तिसरी युक्ती सर्वांत धीट आणि वादग्रस्तही. आरंभीच सेनुआच्या हातावर काळी बुरशी चढते. प्रत्येक पराभवासरशी ती वर सरकेल, मस्तकापर्यंत पोचली की सारा प्रवास पुसला जाईल, असे खेळ बजावतो. खेळणारा धास्तावतो, जपून पावले टाकतो. प्रत्यक्षात असे काही घडत नाही. धमकी पोकळ आहे. सेनुआच्या वडिलांनी तिला जी भीती घातली तीच आपल्याला घातलेली असते, आणि तिच्याप्रमाणेच आपणही ती पारखून न पाहता मानतो. अविश्वसनीय निवेदकाची उदाहरणे साहित्यात पुष्कळ आहेत, पण तेथे फसवणूक वाचकाच्या आकलनाची होते. येथे ती त्याच्या वागण्याची होते. खेळाच्या प्रारंभीच एक स्त्रीस्वर आपल्याला उद्देशून बोलतो आणि जवळ बोलावतो; म्हणजे आपणही सेनुआच्या डोक्यातले एक ऐकणारे ठरतो. गर्भित वाचकाला संहितेत अशी जागा मिळालेली मी क्वचितच पाहिली आहे.

या तयारीमुळे शेवट अंगावर येतो. आईने आत्महत्या केली असे सेनुआला सांगितलेले असते. वडिलांनीच आईला जिवंत जाळले आणि पाच वर्षांच्या मुलीने ते पाहिले, ही दडपलेली आठवण हळूहळू वर येते. ज्याला ती अंधार म्हणत होती तो तिचा नव्हता. तो वडिलांच्या क्रौर्याचा होता. मग अखेरचे युद्ध. शत्रू येत राहतात, कितीही मारले तरी संपत नाहीत. इतका वेळ जिंकायला शिकलेल्या हाताला आता थांबावे लागते, कारण सेनुआ पडल्याखेरीज कथा पुढे जात नाही. हेला तिला मारते, डिलियनचे मस्तक उचलून कड्यावरून खाली सोडून देते, आणि दृश्य वळते तेव्हा हेलाच्या जागी सेनुआ उभी असते. डिलियन परत येत नाही. आवाजही जात नाहीत. ती त्यांच्यासह पुढे निघते. भयानकाकडून करुणाकडे आणि तेथून शांताकडे जाणारी ही वाट आपल्या रसविचाराच्या परिभाषेतही नेमकी सांगता येते.

खेळात उणिवा आहेत. लढाया एकसुरी होतात, चिन्हे शोधण्याचा कंटाळा येतो. आजाराचे नेत्रदीपक दृश्य केले, हा आक्षेपही गंभीर आहे; अशा अवस्थेतील बहुतेकांचे आयुष्य तलवारीविना, औषधांच्या वेळा सांभाळत जाते. तरीही मला ही कथा मोलाची वाटते. आपल्या कथांतली वेडी बहुतेकदा वेशीवर बाहेरून दिसते, एखादे भाकितासारखे वाक्य बोलून निघून जाते. घराघरांत बाहेरची बाधा, अंगातले वारे, नशिबाचे भोग असे शब्द अजून वापरात आहेत, आणि ते झिनबेलच्या शब्दांपासून फार दूर नाहीत. साठ मुलांच्या वर्गात कोणाच्या तरी घरी असे माणूस असते. त्याच्याविषयी बोलायला त्या मुलाजवळ शापाची भाषा असते किंवा थट्टेची, तिसरी नसते.

ही तिसरी भाषा घडवणे हे लेखकांचे आणि शिक्षकांचे काम आहे. खेळ हिंसक आहे, तो शाळकरी मुलांसाठी नाही. पदवीच्या वर्गात मात्र त्यातील एखाद्या प्रसंगाचा केवळ ध्वनी ऐकवून तो प्रसंग मराठीत लिहायला सांगता येईल: एकदा बाहेरून पाहणाऱ्याच्या तोंडून, आणि एकदा आवाज ऐकणाऱ्याच्या. दोन्ही लेखनांत कोणते शब्द बदलावे लागले, यावर वर्गात चर्चा करावी.